ॲडमिरलचा उठायचा शॉट

मी चौतीस वर्षं ब्रिटिश आरमारात काढली. मिडशिपमन म्हणून लागलो, ॲडमिरल म्हणून निवृत्त झालो. दोन महायुद्धं लढलो, त्यांतलं दुसरं नऊ वेळा. माझ्या पायाखाली शंभरेक जहाजं बुडाली. राहायला बोरिवली पूर्वेला, दुसरा मजला, लिफ्टशेजारी. समुद्रात आजवर गुडघ्यापलीकडे गेलेलो नाही. पोहता येत नाही, आणि होडीत बसलो की माझ्या सात पिढ्या पोटातून वर येतात.

ज्यांना अजून उलगडा झाला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी सिनेमातला ज्युनिअर आर्टिस्ट. हिरोच्या मागे जी गर्दी असते, तिच्यातला एक. आईकडून घारे डोळे आले, गिरणीत काम करणाऱ्या वडिलांकडून उंची आणि गोरा रंग आला, शिक्षण कुणाकडूनच आलं नाही. मग साहेब होण्यावाचून दुसरा धंदा उरतो कुठे?

आमचा धंदा असा चालतो. सप्लायर फोन करतो, "सुधाकर, उद्या सकाळी सात, वीस गोरे पायजेत." खरे गोरेही मिळतात, पण ते कुलाब्याचे पाहुणे. दुपारपर्यंत उन्हात लाल होतात आणि जेवण झालं की पसार. म्हणून पहिल्या ओळीत खरे गोरे, दुसऱ्या ओळीत पारशी, तिसऱ्या ओळीत आम्ही कोकणातले घारे, आणि ज्यांची फक्त पाठ दिसणार तिथे कोणीही. एकदा माझ्या मागच्या ओळीत अख्खं भजनी मंडळ ब्रिटिश नौसैनिक होतं. टोप्यांखाली गंध तसंच.

जहाज म्हणजे आरेच्या जंगलाला लागून एका स्टुडिओच्या मैदानात ठोकलेला लाकडी डेक. खाली ट्रकच्या ट्यूबा. आठ जण बांबूंनी डेक हलवणार, दोघे बादल्यांनी लाटा मारणार. एकदा लाटवाल्याच्या हातून बादलीच सुटली आणि आमच्या कमांडरच्या कपाळावर बसली. दिग्दर्शक ओरडला, "झकास! टॉर्पेडो ठेवा हाच!" तो कमांडर अजून त्या बाजूला कलून चालतो.

आमच्यात बढती खऱ्या आरमारासारखीच. वरचा गेला की खालचा वर. आणि इथे मला बबनबद्दल सांगायलाच हवं. आजवर सगळ्यांना बादलीचीच गोष्ट सांगत आलो.

बबन गायकवाड. घाटकोपरच्या टेकडीवर राहायचा. माझ्याहून वीतभर उंच, सरळ नाक, आणि पाठ अशी की अंगाभोवती गोधडी गुंडाळली तरी लोक उठून उभे राहतील. तो ॲडमिरल, मी त्याचा कॅप्टन. त्याच्यासाठी ड्रेसवाल्यानं खास शिवून घेतलेला निळा कोट होता. बाह्यांवर सोनेरी पट्टे, आणि कॉलरच्या आत लाँड्रीच्या शाईनं 'बबन' लिहिलेलं. बबन दाढेत सतत लवंग धरायचा, त्यामुळे कोटालाही लवंगेचा वास. मरण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. पडला की पडला. दोन-दोन मिनिटं श्वास नाही, पापणी नाही. नाकावर माशी बसली तर ती कंटाळून उठायची.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. सिनेमात जो मेलेला दाखवतात, त्याला शॉट झाल्यावर तसंच सोडत नाहीत. त्याच कॅमेऱ्यासमोर तो उठतो, कॅमेऱ्यात बघून हसतो, आणि मगच कॅमेरा बंद होतो. तो तुकडा सिनेमात कुठेच लागत नाही. आम्ही त्याला 'उठायचा शॉट' म्हणतो. मी लिंबू-मिरचीपासून मांजर आडवं जाण्यापर्यंत सगळं मानणारा. बबन असलं काहीच मानायचा नाही. त्याच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि पुस्तकं, बाकी भिंती मोकळ्या. पण उठायचा शॉट मात्र तो कधी चुकवायचा नाही.

मी चिडवायचो, "काय रे बबन्या, तू तर कशाला मानत नाहीस ना?"

"ही श्रद्धा नाय सुध्या. कामाची शिस्त आहे. पडलेला माणूस ज्यानं बघितला, त्यानं त्याला उठताना पण बघायला पायजे. अर्धं काम सोडू नये माणसानं."

त्या दिवशी बबनला गोळी लागली होती. ॲडमिरल डेकवर पडतो, मी कॅप्टन म्हणून टोपी काढतो, एवढाच शॉट. संध्याकाळ झाली होती. "कट" झालं आणि बाहेर सप्लायरच्या बसनं हॉर्न मारला. ती बस चुकली की मेन गेटपर्यंत जंगलातून चालत, आणि आदल्याच आठवड्यात लाइटवाल्यांना तिथे बिबट्या दिसला होता. बबन डेकवर पडूनच होता, कॅमेऱ्याची वाट बघत. कॅमेरावाले कसल्याशा बोलण्यात गुंतले होते. मी त्याच्या दंडाला धरून ओढलं.

"ऊठ रे, बस चालली!"

"थांब, शॉट होऊ दे."

"उद्या दे तुझा शॉट! बिबट्या काय पॅकअप बघून थांबणार आहे का?"

आणि मी त्याला ओढतच नेलं. दुसऱ्या दिवशी तो सेट मोडला, कॅमेरा परत गेला.

आठव्या दिवशी दुपारी बबन जेवला आणि घरी खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसला. रमावहिनी, म्हणजे त्याची बायको, भांडी घासून आली तर हा मान टाकून बसलेला. तिला वाटलं, नेहमीसारखी प्रॅक्टिस चाललीय. तो घरी असाच मरायचा, पोरांना हसवायला. ती म्हणाली, "उठा आता, पुरे." मग कपडे वाळत घातले. पुन्हा म्हणाली, "उठा आता, पुरे झालं." अर्धा तास ती त्याला रागावत होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. माझंही तेच म्हणणं होतं, मोठ्यानं. महिन्याभरात सप्लायरचा फोन आला, "सुधाकर, ॲडमिरलची जागा मोकळी आहे." मी गेलो. ड्रेसवाल्यानं तोच कोट पुढे केला. बाह्या माझ्या बोटांच्या टोकापर्यंत येत होत्या. आतून दुमडून टाचून घेतल्या. बढती अशी झाली. रमावहिनीकडे मी दर दिवाळीला फराळाचा डबा द्यायचो, पण दारातूनच. आत खिडकीजवळ ती खुर्ची दिसायची. तिच्यात ती कुणाला बसू देत नव्हती, नातवंडांनासुद्धा.

अशी चौदा वर्षं गेली. मी लढाया हरलो, जिंकलो, नकाशांवर छडी फिरवली, दुर्बिणीतून कांदिवलीच्या टॉवरांकडे बघत "शत्रू दिसतोय" असा चेहरा केला. आणि गेल्या हिवाळ्यात माझं मरण आलं. म्हणजे, रोल आला.

मोठ्या मालिकेचं काम होतं. म्हाताऱ्या ॲडमिरलला समुद्रात दफन करतात असा प्रसंग. सगळं अचूक हवं म्हणून त्यांनी विलायतेहून एक सल्लागार आणला होता. खराखुरा, आरमारातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. आम्ही त्याला गोरेसाहेब म्हणायचो. वय ऐंशीच्या घरात. पहिल्याच दिवशी आम्ही रांगेत उभे राहून त्याला कडक सलाम ठोकला. तो पडलेल्या चेहऱ्यानं जवळ आला आणि माझा तळहात धरून खाली वळवला. आरमारात तळहात दाखवायचा नसतो. खलाशांचे हात डांबरानं काळे असायचे म्हणे, ते वरिष्ठाला दिसू नयेत म्हणून. तळहात पुढे दाखवतात ते पायदळवाले. चौतीस वर्षं मी ब्रिटिश आरमारात चुकीचा सलाम करत होतो, आणि एकाही प्रेक्षकाला पत्ता नाही!

दफनाची तयारी त्यानंच करून घेतली. मला कोटासकट जाड कॅनव्हासच्या पिशवीत घातलं, पायाशी थर्माकोलचे तोफगोळे ठेवले, आणि शिवायला सुरुवात केली. दुभाषा पोरगी त्याचं बोलणं आम्हाला सांगत होती. जुन्या काळी शेवटचा टाका मढ्याच्या नाकातून घालायचे. माणूस जिवंत असेल तर ओरडेल. जिवंत माणूस चुकून पाण्यात जाऊ नये, यासाठी.

"माझ्या नाकातून नको हां," मी पिशवीतून म्हणालो. सगळे हसले. मग तोंडावर कॅनव्हास आला.

आत अंधार, डांबराचा उग्र वास आणि त्याच्या खाली, अगदी बारीक, लवंग. चौदा वर्षांत तो कोट किती वेळा धुतला असेल! मी श्वास धरला. बाहेर प्रार्थना चालली होती, अंगाखालची फळी हलत होती, आणि माझ्या छातीवर हळूहळू वजन यायला लागलं. कुणी हात ठेवावा तसं नव्हे. कुणी माझ्याच आकाराचं, माझ्याहून जरा लांब, माझ्या अंगावर उताणं पडलंय असं.

"कट" ऐकू आलं. पुढचा शॉट फळीवरून सरकण्याचा, त्यासाठी त्यांनी दुसऱ्या पिशवीत डमी भरून ठेवली होती. मला उचलून बाजूला ठेवलं. डमी समुद्रात, म्हणजे गादीवर, पडली. टाळ्या झाल्या. आणि मी राहिलो पिशवीत. शिवणारा चहाला गेला होता. तो येऊन टाके कापेपर्यंत वीसेक मिनिटं गेली.

बाहेर आलो तर गोरेसाहेब समोर उभा. दुभाषीनं विचारलं, "सर विचारतायत, आमच्याकडे नाकातला टाका असतो, तुमच्याकडे काय असतं?"

मी म्हणालो, "आमच्याकडे उठायचा शॉट असतो." आणि समजावून सांगितलं.

तिनं त्याला सांगितलं. तो दोनच शब्द बोलला. दुभाषी म्हणाली, "सर विचारतायत, झाला का?"

मी धावलो. कॅमेरा गाडीत चढून गेला होता. दिग्दर्शक जेमतेम तिशीचा. म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, पिशवीत तुम्ही होतात की डमी, कुणाला कळणार?"

त्याला काय सांगणार? मला कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मॉलच्या काचेच्या दारासमोर उभा राहिलो, दार उघडेना. मागून एक बाई आली, तिच्यासाठी उघडलं. तिसऱ्या दिवशी स्टुडिओच्या हजेरीच्या मशीननं माझा अंगठा घेतला नाही. वॉचमन म्हणाला, म्हातारपणी बोटं झिजतात काका. झिजत असतील. पण चौथ्या दिवशी दुपारी मी पलंगावर पडून टक्क जागा होतो आणि बायको खांदा हलवत होती. मला तिचा हात दिसत होता, जाणवत नव्हता. खूप वेळानं माझा आवाज फुटला तेव्हा ती रडकुंडीला आलेली.

"किती हाका मारल्यो तुमका! खंय होतास?"

मी तिला सगळं सांगितलं. बसचं, बिबट्याचं, दंडाला धरून ओढल्याचंसुद्धा. ते चौदा वर्षांत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझी सुलभा तशी धीराची. बोटांवर मोजून म्हणाली, "बबन आठव्या दिवशी गेलो. म्हणजे तुमच्याकडे चार दिवस उरले. कॅमेरो शोधा."

सिनेमातले मोठे कॅमेरे भाड्याचे असतात आणि प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर त्याचा अटेंडंट फिरतो, नवरीबरोबर पाठराखीण जाते तसा. त्या कॅमेऱ्याचा अटेंडंट दिनेश, माझा जुना ओळखीचा. फोन केला तर कॅमेरा वसईला. मग कर्जतला. मग मढला. सातव्या दिवशी दिनेश म्हणाला, "उद्या अंधेरीत. मालिकेतलं लग्न आहे. लंच ब्रेकला या. पण काका, तोच कोट घालून या."

"तुला कसं माहीत कोटाचं?"

दिनेश म्हणाला, "बबनकाकांच्या शॉटला मीच होतो. तेव्हा रिळाचा कॅमेरा. तुम्ही त्यांना घेऊन गेलात, तेव्हा आत अर्ध्या मिनिटाचं रीळ शिल्लक होतं. मी म्हणायला हवं होतं, थांबा. नाही म्हणालो."

आठव्या दिवशी ड्रेसवाल्याच्या हातापाया पडून कोट आणला. बोरिवलीहून अंधेरीला रिक्षानं निघालो, मी ब्रिटिश ॲडमिरल, शेजारी सुलभा, मांडीवर माझी टोपी. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "चाचा, कौनसी बँड कंपनी? बेटी की शादी है मेरी." एरवी मी त्याला अर्धा तास सुनावलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली. गोरेगावच्या पुलावर मला कळलं की मी श्वास घेत नाहीये, आणि मला त्याची गरजही वाटत नाहीये.

सेटवर सगळे जेवायला गेले होते. झेंडूच्या माळा, सोनेरी खुर्च्या, मधे लाल गालिचा. दिनेशनं कॅमेरा वळवला. "काका, पडा."

मी पडलो. आणि लगेच ते वजन आलं. या वेळी पूर्ण. लवंगेचा वास असा की दाढ सुन्न व्हावी. बाह्यांचे टाके उसवले असावेत, कारण कापड माझ्या बोटांवरून खाली घसरत गेलं, आणि त्या कापडाच्या आत माझ्या हाताशेजारी आणखी एक हात होता. थंड नव्हता. वाट बघून बघून अवघडलेला हात असतो तसा. दिनेश म्हणाला, "रोलिंग. उठा काका."

मला उठता येईना.

"उठा काका!"

मी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बबन्या, आधी तू. लायनीत तू पुढे आहेस. मी ओढून नेलं तुला. तू ऊठ आधी.

आणि सुलभा ओरडली. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात ती अशी कधी ओरडली नव्हती. "उठा आता, पुरे!"

वजन गेलं. एकदम, भरल्या बसमधून शेजारचा उतरावा तसं. मी उठून बसलो, उभा राहिलो, कॅमेऱ्यात बघून हसलो. ते हसू कसलं, तोंड फाकलं एवढंच. पण श्वास आला. खोकल्यासकट आला.

दिनेश मॉनिटरवर वाकून बघत होता. त्याचा चेहरा पांढरा. इतका पांढरा की आमच्या पहिल्या ओळीत सहज खपला असता.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही दोनदा उठलात."

आम्ही तिघांनी ते बघितलं. गालिच्यावर मी पडलेला. सुलभाचा आवाज. आणि कोट उठतो. बाह्या बरोब्बर मनगटापर्यंत, खांदे भरलेले, पाठ ताठ. तोंडावर झेंडूच्या माळेची सावली पडलेली. तो कॅमेऱ्याकडे वळतो, हात कपाळाशी नेतो. तळहात खाली. मग डावीकडे चालत जातो. डावीकडे भिंत होती. आणि गालिच्यावर मी अजून पडलोय, तोच कोट अंगात, बाह्या बोटांवर लोंबतायत. मग मी उठतो, धडपडत.

सुलभा म्हणाली, "परत दाखव."

दिनेशनं मान हलवली. "लंच संपला. कार्ड रिकामं करायचंय." आणि त्यानं आमच्यासमोर ते पुसलं. मी अडवलं नाही. तो तुकडा कुठेच लावत नाहीत, हीच रीत आहे. तुम्ही म्हणाल, सुधाकर पुन्हा बादल्या फेकायला लागला. म्हणा. बादली खरी होती.

तिथून आम्ही घरी गेलो नाही. मेट्रोनं घाटकोपर गाठलं. वाटेतल्या एका दुकानाचं काचेचं दार माझ्यासाठी आपोआप उघडलं, हे मी दोनदा तपासून बघितलं. टेकडी चढून गेलो. मी कोटातच होतो, आणि पोरं मागे लागली होती. रमावहिनी दारात आली. केस सगळे पांढरे झालेले. कोटाकडे बघून तिनं चौकट धरली.

मी दारातच बोलून टाकलं. "वहिनी, त्या दिवशी बबन्याला मीच ओढून नेलं होतं. तो थांब म्हणत होता."

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. म्हणाले, सुध्या बिबट्याला लई भितो. हसत होते."

चौदा वर्षं दारातून डबे दिले मी.

"आज उठला तो," मी म्हणालो.

तिनं कसं, कुठे, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "कितीला?"

"दीड वाजला असेल."

ती वळून आत गेली. खिडकीजवळची खुर्ची पदरानं पुसली.

"बसा भावोजी. चहा टाकते."

मी बसलो. लाकूड करकरलं. समोर सुलभा बसली आणि माझ्यावरून नजर काढेना. चहा झाला. कप खाली ठेवून मी उठलो, तेव्हा दोघी बायका मी पुरता उभा राहीपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या.